ऑनलाइन बेसबॉल लीगमध्ये व्यवस्थापक होताना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत बेसबॉलविषयी एक ठरावीक संवाद ऐकू येतो. मुले शाळेच्या मैदानावर हा खेळ खेळू लागतात, कचेरीत उन्हाळाभर त्याचीच चर्चा चालते, आणि क्रिकेटवर वाढलेली आपली पिढी मात्र "यात एवढे पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारून बाजूला होते. माझीही स्थिती बरीच वर्षे अशीच होती. हा खेळ मला उमगला तो मैदानावर नव्हे, तर संगणकासमोर, एका ऑनलाइन सिम्युलेशन लीगमधील संघाचा व्यवस्थापक म्हणून काम करताना. असे काम प्रथमच अंगावर घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे.

हा खेळ म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. ज्याला येथे 'फँटसी बेसबॉल' म्हणतात तो प्रकार वेगळा. त्याचे आजचे रूप १९८० साली लेखक डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या 'रोटिसरी' लीगमधून आले. त्यात खऱ्या खेळाडूने खऱ्या सामन्यात काय केले यावर आपले गुण ठरतात. सिम्युलेशनमध्ये मात्र सामनेच संगणक खेळतो. तेथील जग स्वतंत्र असते. खेळाडू तेथे वयाने वाढतात, जायबंदी होतात, निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात.

या छंदाची मुळे संगणकाहून जुनी आहेत. 'ॲप्बा' हा पत्ते आणि फाशांचा खेळ १९५१ पासून विकला जात होता. पुढे हॅल रिचमन यांनी १९६१ साली 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' बाजारात आणला. त्याची कल्पना साधी, पण विलक्षण होती. तीन फासे टाकायचे. एका फाशावर १ ते ३ आले तर फलंदाजाच्या पत्त्यावरचा निकाल वाचायचा, ४ ते ६ आले तर पिचरच्या पत्त्यावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज नेमका निकाल सांगते. चेंडूगणिक होणाऱ्या द्वंद्वात अर्धा वाटा फलंदाजाचा आणि अर्धा पिचरचा, हे तत्त्व त्यातून सहज प्रकट होते. आजच्या संगणकीय खेळांत गणित कितीतरी गुंतागुंतीचे आहे; तरी गाभ्याला हीच संभाव्यतेची कल्पना आहे.

सध्याच्या ऑनलाइन लीगांपैकी अनेक 'आऊट ऑफ द पार्क बेसबॉल' या खेळावर चालतात. तो १९९९ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता मार्कुस हाइन्झोन हा जर्मन आहे, हे मला नेहमीच दिलासादायक वाटत आले आहे. बेसबॉल समजण्यासाठी अमेरिकेत जन्म घेणे आवश्यक नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आठवडा कसा चालतो?

लीगचा एक प्रमुख असतो. त्याला कमिशनर म्हणतात. लीगची मूळ फाइल त्याच्याकडे असते. आपण ती उतरवून घ्यायची, आपल्या संघात हवे ते बदल करायचे आणि आपल्या सूचनांची फाइल ठरलेल्या वेळेपूर्वी परत पाठवायची. सर्वांच्या सूचना एकत्र करून कमिशनर पुढील काही दिवसांचे सामने संगणकाकडून खेळवून घेतो आणि नवी फाइल सर्वांसाठी ठेवतो. मग पुन्हा तेच चक्र.

समजा, प्रत्येक वेळी सात दिवसांचे सामने होतात आणि असे आठवड्यातून तीनदा घडते. तर १६२ सामन्यांचा, सुमारे २६ आठवड्यांचा हंगाम खऱ्या कालगणनेत साधारण नऊ आठवड्यांत संपतो. आपली फाइल पोहोचली नाही तर जुन्याच सूचनांवर संघ खेळत राहतो. थकलेला पिचर पुन्हा मैदानात उतरतो आणि दुखापत झालेल्याच्या जागी आपल्या मनात नसलेला खेळाडू येतो.

अमेरिकेबाहेरील वाचकांनी वेळेचा हिशेब आधीच करावा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा लंडनला पहाटेचे दोन, दुबईला पहाटेचे पाच आणि पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात. फाइल आदल्या दिवशीच पाठवण्याची सवय लावली तर हा प्रश्न उरत नाही.

लीग निवडताना

काही लीग आजच्या खऱ्या खेळाडूंपासून सुरू होतात, काही एखाद्या जुन्या वर्षापासून, तर काहींतील सर्व खेळाडू काल्पनिक असतात. नवख्या माणसाला काल्पनिक खेळाडूंची लीग अधिक सोयीची, असे माझे मत आहे. तेथे चाळीस वर्षे बेसबॉल पाहत आलेल्या सहकाऱ्याला नावांच्या ओळखीचा फायदा मिळत नाही. सर्वांसमोर तेच आकडे असतात.

अर्ज करण्यापूर्वी लीगचे नियम पूर्ण वाचावेत. सामने आठवड्यातून किती वेळा होतात, किती फाइली चुकल्यास संघ काढून घेतला जातो, खेळाडूंच्या अदलाबदलीवर कोणते निर्बंध आहेत, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. अर्जात आपण नवखे आहोत हे प्रांजळपणे लिहावे. कमिशनरला जाणकारापेक्षा टिकून राहणारा माणूस हवा असतो.

नवख्याच्या वाट्याला बहुधा कोणीतरी सोडून दिलेला संघ येतो. माझ्याही वाट्याला तसाच आला. आधीचा व्यवस्थापक हंगामाच्या मध्यावर काहीही न सांगता दिसेनासा झाला होता. संघ तळाशी, दोन वयस्क खेळाडूंना दीर्घ मुदतीचे महागडे करार दिलेले, आणि पिचरांपैकी निम्मे जायबंदी.

पहिला पंधरवडा: पाहा, हात लावू नका

नव्या व्यवस्थापकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे उतावळेपणा. पहिल्या दोन आठवड्यांत केवळ निरीक्षण करावे. कोणाचा करार केव्हा संपतो, कोणाचे वय किती, खालच्या संघांत कोण तयार होत आहे, याची स्वतःच्या हाताने एक यादी करावी.

खेळाडूंचे गुण बहुधा २० ते ८० या मापावर दिलेले असतात. ५० म्हणजे सर्वसाधारण. हे माप खऱ्या बेसबॉलमधील निरीक्षकांचेच आहे. मात्र हे आकडे संगणकाने दिले म्हणून सत्य मानू नयेत. ते आपल्या संघाच्या निरीक्षकाचे मत असते, आणि मत चुकू शकते. विशेषतः अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या 'भावी क्षमते'चा आकडा म्हणजे केवळ आशा होय.

यादीचे नियमही समजून घ्यावेत. मुख्य संघात २६ खेळाडू, आणि त्यांच्यासह ४० जणांची संरक्षित यादी. या यादीतील तरुण खेळाडूला काही हंगाम खालच्या संघात मुक्तपणे पाठवता येते. ती मुभा संपली की त्याला खाली पाठवण्यापूर्वी इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी द्यावी लागते. हे न समजून घेता मी पहिल्याच महिन्यात पंचवीस वर्षांच्या एका पिचरला यादीतून काढले. माझी कल्पना अशी, की तो आपल्याच खालच्या संघात जाईल. दुसऱ्या दिवशी तो प्रतिस्पर्धी संघात होता. त्यानंतर चार हंगाम त्याने आम्हालाच सतावले.

करारांचे गणितही असेच. मुख्य संघात १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष मोजले जाते. साधारणपणे तीन वर्षांनी खेळाडूला लवादाकडून वेतन वाढवून घेण्याचा हक्क मिळतो आणि सहा वर्षांनी तो मोकळा होतो. म्हणजे चांगला तरुण खेळाडू स्वस्त असतो तो याच काळात, आणि दुबळा संघ उभा राहतो तोही अशाच खेळाडूंच्या बळावर.

आकडे वाचावे कसे?

क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाची नजर सर्वप्रथम फलंदाजीच्या सरासरीकडे जाते. येथे ती फसवते. बेसबॉलमध्ये नऊ डावांत संघाला २७ बळी मिळतात, आणि तेच त्याचे खरे भांडवल. म्हणून फलंदाजाने चेंडू किती वेळा टोलवला यापेक्षा तो किती वेळा बाद न होता तळावर पोहोचला, हे अधिक मोलाचे. एकाची सरासरी .२९० आहे, पण तो वाईट चेंडू सोडत नाही, आणि तळावर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण .३१५ आहे. दुसऱ्याची सरासरी .२५० आहे, पण वॉक मिळवून त्याचे हेच प्रमाण .३७० होते. दोघांची टोलवण्याची ताकद सारखी असेल तर दुसरा निःसंशय अधिक उपयुक्त, आणि बाजारात बहुधा स्वस्तही. मायकेल लुईस यांच्या २००३ सालच्या 'मनीबॉल' या पुस्तकाने हा विचार सर्वत्र पोहोचवला.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्या हाताची. ऑफस्पिनर डावखुऱ्या फलंदाजाला अधिक त्रास देतो, कारण चेंडू त्याच्यापासून दूर वळतो. हे आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. बेसबॉलमध्ये उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर जातो. म्हणून फलंदाजांना सहसा विरुद्ध हाताचा पिचर सोपा जातो. उजव्या आणि डाव्या पिचरविरुद्ध दोन स्वतंत्र फलंदाजी-क्रम लावणे हे पहिल्या आठवड्यातच करण्याजोगे, विनामूल्य आणि हमखास लाभाचे काम आहे.

तिसरी गोष्ट मैदानाची. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे तेथे चेंडू दूर जातो आणि वळतो कमी. तेथील फलंदाजाचे आकडे पाहून भुलू नये आणि तेथील पिचरचे आकडे पाहून त्याला हिणवू नये. सिम्युलेशनमध्येही प्रत्येक मैदानाला असाच स्वभाव दिलेला असतो.

चौथी गोष्ट नशिबाची. बिल जेम्स यांनी एक सुटसुटीत सूत्र दिले आहे: केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. ८०० धावा करून ७०० देणाऱ्या संघाचे उत्तर सुमारे .५६६ येते, म्हणजे १६२ सामन्यांत ९२ विजय. असा संघ प्रत्यक्षात ८२ च सामने जिंकला असेल तर तो वाईट नाही, दुर्दैवी आहे. त्याची मोडतोड करू नये. याउलट, नशिबाने जिंकलेल्या संघावर पुढील वर्षाचा पैसा लावू नये.

घडवायचे की जिंकायचे?

निरीक्षण संपल्यावर एक निर्णय घ्यावाच लागतो. हा संघ दोन वर्षांत जिंकू शकतो का? उत्तर 'होय' असेल तर भविष्यातील मुले देऊन आजचे खेळाडू घ्यावेत. 'नाही' असेल तर तिशी ओलांडलेले चांगले खेळाडू, त्यांना किंमत आहे तोवर, इतरांना द्यावेत. फलंदाज साधारणपणे पंचविशीच्या उत्तरार्धात बहरात असतो. तिशीनंतरच्या दीर्घ करारात आपण त्याच्या उताराचे पैसे मोजतो. सर्वांत वाईट मार्ग मधला. थोडे आजचे, थोडे उद्याचे, असे करणारा संघ वर्षानुवर्षे मध्यावरच राहतो.

अदलाबदल करताना समोर संगणक नव्हे, माणूस आहे, हे विसरू नये. त्याच्या संघाला काय हवे आहे, हे आधी पाहावे. हास्यास्पद प्रस्ताव पाठवू नये. नकार द्यायचा तर तोही लवकर आणि सभ्यपणे द्यावा. एखाद्या नवख्याला फसवून मिळवलेला खेळाडू दोन हंगाम उपयोगी पडतो, पण त्यानंतर आपल्याशी व्यवहार करण्यास कोणी धजत नाही.

जबाबदारीची गोष्ट

तिसऱ्या हंगामात आमचा संघ प्रथमच शर्यतीत होता. त्याच सुमारास साताऱ्याहून फोन आला; वडिलांना रुग्णालयात दाखल केले होते. तिकीट काढले, सामान भरले. विमानतळावर बसलो असताना लीगची आठवण झाली आणि मनात आले, एका खेळासाठी आता कोण पत्र लिहीत बसणार? तेव्हाच मला माझ्या आधीचा तो व्यवस्थापक आठवला. त्याला मी तीन वर्षे मनातल्या मनात दूषणे दिली होती. त्याच्यावर कोणता प्रसंग आला होता, हे मी कधी विचारलेही नव्हते.

मी कमिशनरला दोन ओळी लिहिल्या. पाच आठवड्यांनी परतलो तेव्हा आमच्याच गटातील एका प्रतिस्पर्ध्याने माझ्या संघाच्या फाइली एकदाही न चुकता पाठवल्या होत्या. आम्ही शेवटच्या आठवड्यात शर्यतीतून बाहेर पडलो. त्याचा संघ पुढे गेला. त्याने पाठवलेल्या निरोपात प्रथम वडिलांची चौकशी होती, आणि खाली, डावखुऱ्या पिचरांविरुद्ध माझा तिसरा फलंदाज बदलावा, अशी सूचना होती. सूचना बरोबर होती.

तेव्हा वाचकहो, लीगमध्ये जरूर या. हरण्याची तयारी ठेवा, नियम वाचा, फाइल वेळेवर पाठवा. आणि कधी जावेच लागले, तर दोन ओळी लिहून जा.