इमान कशाशी? जुन्या संगीताचे वृंद आणि त्यांचे नेते

श्रोतेहो, मागच्या वेळी आपण ‘मूळ कलाकृती म्हणजे काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. चित्राचं मूळ भिंतीवर टांगलेलं असतं, पुतळ्याचं चौथऱ्यावर उभं असतं. गाण्याचं मूळ कुठे शोधायचं, कागदावर की गळ्यात? आज हा प्रश्न आपण युरोपातल्या जुन्या संगीताच्या गायकवृंदांना विचारू.

‘जुनं संगीत’ म्हणजे तिकडे ढोबळमानाने १७५० पर्यंतचं, बाखच्या काळापर्यंतचं संगीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते गाण्यासाठी खास वृंद उभे राहिले. जॉन एलियट गार्डिनर यांनी १९६४ साली केंब्रिजमध्ये, विद्यार्थिदशेतच, माँटेव्हर्डी क्वायर सुरू केला. पीटर फिलिप्स यांनी १९७३ साली ऑक्सफर्डमध्ये टॅलिस स्कॉलर्स, तर हॅरी ख्रिस्तोफर्स यांनी १९७९ साली द सिक्स्टीन हा वृंद काढला.

आता गंमत पाहा. सोळाव्या शतकातल्या गायकांना आजच्यासारखा नेता नसे. एका मोठ्या पोथीभोवती सगळे उभे राहत आणि कुणीतरी हात खाली-वर करून लय धरी. मग त्यांचंच गाणं गाताना आज नेता कशाला हवा? कारण मधली परंपरा तुटली. आपल्याकडे भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत छापल्या खऱ्या, पण बंदिश कशी भरायची, कुठे थांबायचं, हे पुस्तक नाही सांगत. ते गुरूपुढे बसून घ्यावं लागतं. तिकडे कागद उरले आणि गुरू गेले. पट्टी कोणती, एका ओळीला गायक किती, वरचे सूर मुलांनी गायचे की स्त्रियांनी, हे कागद पुरतं सांगत नाही. कुणाला तरी ठरवावं लागतं. तो ठरवणारा माणूस म्हणजे या वृंदाचा नेता. हाताने ताल दाखवणं हे त्याचं दुय्यम काम.

हे ठरवणं किती अवघड असतं, ते एका रचनेतून पाहू. ग्रेगोरिओ आलेग्री हे पोपच्या सिस्टाइन चॅपेलमधले गायक. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ‘मिझेरेरे’ रचलं. एक वृंद पाच आवाजांचा, दुसरा चार आवाजांचा. दोघे आळीपाळीने गातात. कागदावर ही रचना अगदी साधी दिसते. तिचं वैभव होतं ते गायकांनी तोंडी जपलेल्या हरकतींमध्ये. सम्राट लिओपोल्ड पहिला याने तिची प्रत मागवून व्हिएन्नात गाऊन घेतली आणि आपल्याला फसवलं असं त्याला वाटलं, अशी कथा सांगतात. प्रत खरीच होती. गळे तेवढे रोमला राहिले होते!

ही रचना आज ओळखली जाते ती एका टिपेच्या सुरासाठी. आम्ही टॅलिस स्कॉलर्सचं १९८० सालचं ध्वनिमुद्रण प्रथम कॅसेटवर ऐकलं, तेव्हा तो सूर लागला आणि आम्ही हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. तीनशे वर्षांपूर्वीचं रोम ऐकतो आहोत असं वाटलं. पुढे कळलं की तो सूर आलेग्रींचा नाहीच. मेंडेल्सोन यांनी १८३१ साली रोममध्ये ही रचना ऐकली ती वरच्या पट्टीत, आणि तशीच टिपून घेतली. १८८० च्या सुमारास ग्रोव्हच्या संगीतकोशात उदाहरण छापताना तो वरचा तुकडा मूळ पट्टीतल्या तुकड्याला जोडला गेला. षड्जावरून एकदम मध्यमावर जावं, तेवढी उडी पडली. ज्या सुराने आम्हाला सतराव्या शतकात नेलं, तो एकोणिसाव्या शतकातल्या घोटाळ्यातून आलेला!

आता नेत्याने काय करावं? तो सूर गाळावा, तर लोकांना प्रिय झालेलं गाणं हरवतं. ठेवावा, तर ‘हे अस्सल जुनं’ असं म्हणता येत नाही. ख्रिस्तोफर्स यांनी पुढे वेगळी वाट धरली: ही रचना काळाबरोबर कशी बदलत गेली, ते गाण्यातूनच दाखवणारी आवृत्ती त्यांनी ध्वनिमुद्रित केली. आरंभी साधी ओळ, मग हरकती, आणि शेवटी तो प्रसिद्ध सूर.

आम्हाला विचाराल, तर इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. सुंदर असणं ही एक गोष्ट, मूळचं असणं ही दुसरी. चुकीतून आलेला सूर खोटा होत नाही. खोटा होतो तो त्याच्याबद्दल केलेला दावा. नेत्याचं इमान मेलेल्या रचनाकाराशी असतंच, पण समोर बसलेल्या श्रोत्याशीही असतं. ‘इथपर्यंत कागद आहे, इथून पुढे माझा निर्णय आहे’ एवढं जो सांगतो, त्याने हवा तो सूर लावावा.

आणि आम्ही? तो सूर आम्ही अजूनही ऐकतो. फक्त आता तो लागला की रोम नाही आठवत, त्या कोशाचं पान आठवतं. तरी पुस्तक मिटावंसं वाटतंच. असं का वाटावं? दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकून या, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.