हुबळी तिकीट काढते, धारवाड पुस्तक काढतं

मराठी वाचकाला धारवाड म्हटलं की तीन गोष्टी आठवतात: पेढा, जी. ए. कुलकर्णी आणि द. रा. बेंद्रे. पेढ्यावर लिहायला इतर अंक आहेत. जीए तिथल्या जे. एस. एस. कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि ते कन्नडचे वरकवी झाले, १९७३चं ज्ञानपीठ घेऊन गेले. ज्या गावात माणसं इतक्या सहजपणे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात, तिथली रंगभूमी कशी असेल, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही.

हुबळी आणि धारवाड यांच्यात जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर. १९६२मध्ये दोन्हींची महानगरपालिका एक झाली, आणि आता ‘चिगरी’ नावाची वातानुकूलित बस दोन्हीकडची माणसं दिवसभर इकडून तिकडे नेते. स्वभाव मात्र एक झाले नाहीत. हुबळी बाजारपेठेची, कापसाची, रेल्वेच्या वर्कशॉपची. धारवाड शाळा-कॉलेजांचं, पेन्शनरांचं, वळचणीला बसून वाद घालणाऱ्यांचं. नाटकाच्या बाबतीत हा फरक लख्ख दिसतो. हुबळी तिकीट काढते, धारवाड पुस्तक काढतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इथल्या रंगभूमीला दोन्हींची गरज पडली आहे.

सुरुवात मात्र आपल्याकडून करायला हवी, कारण देण्याघेण्याचा हा हिशेब जुना आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या करकी गावची भागवत मंडळी खेळ करीत सांगलीला आली. तो खेळ पाहून चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ला ‘सीतास्वयंवर’ झालं. दर ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, पण त्या दिवशी करकीचं नाव कुणी घेतल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. पुढे १८८०मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ उभं करून संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला. हे गाव आज बेळगाव जिल्ह्यात आहे, धारवाडपासून फार लांब नाही. अण्णासाहेब १८८५मध्ये वारले तेही तिथेच. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ दिलेली असते आणि त्यात मधूनमधून एखाद्या कानडी पदाचे पहिले शब्द देवनागरीत दिसतात. चाल बसवणाऱ्याला ते पद तोंडपाठ असणार, म्हणून तेवढी खूण पुरत होती.

मग उलटा प्रवास सुरू झाला. मराठी मंडळ्या दक्षिणेकडे दौरे काढू लागल्या. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि पुढे सदर्न मराठा रेल्वेचं मुख्यालयही धारवाडलाच आलं. पडदे, पेट्या, बायकोमुलं आणि आचारी घेऊन हिंडणाऱ्या बिऱ्हाडाला रेल्वेसारखी सोय नव्हती. हुबळी, धारवाड, गदग या गावांतली कन्नड माणसं मराठी नाटकांना गर्दी करीत. हे गदगच्या सक्करी बाळाचार्यांना खुपलं. शाळामास्तर असलेले हे गृहस्थ ‘शांतकवी’ नावाने लिहीत. कन्नड मुलखात लोकांनी परभाषेतली नाटकं का पाहावीत, या चिडीतून त्यांनी ‘उषाहरण’ लिहिलं आणि गदगच्या वीरनारायणाच्या नावाने मंडळी उभी केली. उत्तर कर्नाटकातल्या आधुनिक कन्नड नाटकाचा उगम असा मराठीवरच्या रागात आहे. मला हा राग मोलाचा वाटतो. त्यातून घोषणा आल्या नाहीत, नाटकं आली. १८९०मध्ये रा. ह. देशपांडे यांनी धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला, त्यामागेही हीच निकड होती. हा संघ आजही चालू आहे.

या नाटक मंडळ्यांनी नाटकाला काय दिलं याची चर्चा होते, पण त्यांनी गाण्याला जे दिलं ते त्याहून मोठं आहे. कुंदगोळचे रामभाऊ शाळेसाठी आगगाडीने हुबळीच्या लॅमिंग्टन हायस्कूलला येत. गाणं ते अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकले आणि पुढे मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांत गाजले. ‘सवाई गंधर्व’ ही पदवी त्यांना मिळाली ती स्टेजवरच्या गाण्यामुळे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्री जागवणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असतं? मन्सूर गावचे मल्लिकार्जुन पोरवयात नाटक कंपनीत होते. त्यांचं स्टेजवरचं गाणं मिरजेच्या नीलकंठबुवांनी ऐकलं आणि पोराला शिष्य करून घेतलं. बसवराज राजगुरूही लहानपणी वामनराव मास्तरांच्या कंपनीत होते. आज धारवाडला हिंदुस्थानी संगीताचं गाव म्हणून मिरवतात. त्या गावाची पहिली शाळा रंगवलेल्या पडद्यामागे, ग्रीसपेंटच्या वासात भरत होती, हे सांगायचं मात्र राहून जातं.

धारवाडला कंपनी नाटकाचा कंटाळा आला तोही लवकर. या बाबतीत श्रीरंगांचं नाव पहिलं. आद्य रंगाचार्य हे त्यांचं खरं नाव. लंडनहून शिकून आलेले, कर्नाटक कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक, पुढे नाट्यशास्त्राचं इंग्रजी भाषांतर करणारे. त्यांना गाण्यांनी लांबलेलं, जरतारी पोशाखातलं नाटक नको होतं. त्यांनी दिवाणखान्यातली माणसं आणली, त्यांचा ढोंगीपणा आणला, वाद आणला. नट कुठून आणायचे? शिक्षक, वकील, कारकून, कॉलेजातली मुलं. हौशी नाटक म्हणजे कंपनीची गरीब नक्कल, असा आपला समज असतो. धारवाडच्या हौशी मंडळींनी कंपनीला जे परवडणारं नव्हतं ते केलं, कारण त्यांचं पोट गल्ल्यावर नव्हतं.

पण हे सगळं टिकलं ते एका माळ्यामुळे. सुभाष रोडवर जिना चढून गेलं की मनोहर ग्रंथमालेचं कार्यालय लागतं, गावात त्याला ‘अट्ट’ म्हणतात. जी. बी. जोशींनी १९३३मध्ये ही माला सुरू केली. वर्गणीदार करायचे आणि त्यांना वर्षभर पुस्तकं पाठवायची, असा व्यवहार. जोशी स्वतः ‘जडभरत’ नावाने नाटकं लिहीत. त्यांच्या ‘सत्तवर नेरळु’ या नाटकात मठ, वारसाहक्क आणि ढोंग यांची खिल्ली आहे. ब. व. कारंतांनी त्यात पुरंदरदासांची पदं घालून ते बसवलं आणि ते तुफान चाललं. कीर्तिनाथ कुर्तकोटींसारखा समीक्षक हस्तलिखितं वाचायला मालेपाशी होता. वर्गणीदाराला नाटक आवडलं नाही तरी ते घरी येतंच, आणि आलेलं पुस्तक कुणीतरी वाचतंच. प्रयोग होईपर्यंत छापायचं नाही हा आपल्याकडचा शहाणपणा धारवाडने मानला नाही.

त्याचं फळ सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ते झाड कुठलं हे विसरलं जातं. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला निघालेल्या, इंग्रजीत कवी व्हायचं मनात असलेल्या बाविशीतल्या गिरीश कार्नाडांच्या हातून नाटक लिहून झालं ते कन्नडमध्ये. ‘ययाति’ १९६१ला मनोहर ग्रंथमालेने छापलं तेव्हा लेखक परदेशात होता. ‘तुघलक’ही तिथलंच. तेच ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणलं आणि ‘हयवदन’, ‘नागमंडल’ विजया मेहतांनी बसवली. मराठी समांतर रंगभूमीचा एक धागा थेट सुभाष रोडवरच्या त्या जिन्याशी जातो. कार्नाडांचं आत्मचरित्र उमा कुलकर्णींनी ‘खेळता खेळता आयुष्य’ या नावाने मराठीत आणलं आहे. त्यात हे धारवाड भरपूर भेटतं.

आजचं धारवाडचं नाट्यवर्ष पाऊस ओसरल्यावर उघडतं. कर्नाटक कॉलेजच्या आवारातलं ‘सृजना’ नाट्यगृह, सरकारी रंगायण, विद्यावर्धक संघाचं सभागृह अशा दोन-तीन जागी खेळ फिरत राहतात. हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेचं ‘तिरुगाट’ हे फिरतं पथक १९८५पासून कर्नाटकभर हिंडतं. गाडीत नेपथ्य, नट आणि दिवे घालून गावोगाव जायचं, ही जुनी कंपनीचीच रीत, फक्त नाटकं निराळी. ही गाडी धारवाडला आली की गावातल्या हौशी मंडळींची ती एक प्रकारे परीक्षाच असते. उन्हाळ्यात ‘चिन्नर मेळ’ म्हणजे मुलांचं शिबिर भरतं आणि महिनाभर रंगायणात पोरांचा दंगा चालतो.

प्रेक्षकही पाहण्यासारखा. पुढच्या रांगेत निवृत्त प्राध्यापक, मागे कॉलेजची मुलं, आणि मध्ये दोघांनाही ओळखणारे दुकानदार. प्रवेशद्वाराशी पुस्तकांचं टेबल मांडलेलं असतं. मध्यंतरात चहा घेता घेता लोक ती चाळतात. कोपऱ्यावर गिरमिट मिळतं: चुरमुरे, कांदा, चिंच-गुळाची फोडणी, वर भाजलेल्या डाळीचं पीठ आणि सोबत तळलेली मिरची. खेळ संपल्यावर दिग्दर्शकाला पाच-सहा जण घेरतात आणि दुसऱ्या अंकातल्या एखाद्या दृश्यावरून त्याला फैलावर घेतात. पाठ थोपटण्याची घाई कुणालाच नसते. पुण्यात प्रयोगानंतर सेल्फीसाठी रांग लागते. हे भांडण मला त्यापेक्षा बरं वाटतं.

धारवाडच्या रसिकांचा एक दोषही सांगायला हवा. कंपनी नाटकाचं नाव काढलं की त्यांची भुवई वर जाते. द्व्यर्थी संवाद, भडक नावं, गावभर ओरडत फिरणारी जाहिरातीची गाडी. तक्रार खोटी नाही. पण येणगी बाळप्पांचं काय करायचं? सौंदत्ती तालुक्यातल्या येणगी गावात १९१४ला जन्मलेला हा शेतकऱ्याचा पोरगा. ‘कलावैभव नाट्य संघ’ त्यांनी वर्षानुवर्षं चालवला, ‘जगज्ज्योती बसवेश्वर’मध्ये बसवण्णा उभे केले, वचनं गायली. लोक त्यांच्या पाया पडत. शंभरी ओलांडून १८ ऑगस्ट २०१७ला ते गेले. पेट्रोमॅक्सच्या उजेडापासून मोबाइलच्या उजेडापर्यंत सगळे प्रेक्षक त्यांनी पाहिले होते आणि ते धारवाडचेच रहिवासी होते. पी. बी. धुत्तरगींच्या ‘संपत्तिगे सवाल’ या कंपनी नाटकावर पुढे कन्नड नट राजकुमारांचा सिनेमा निघाला. वाचनालयातल्या रसिकांनी कधी हात न लावलेली ही संहिता लाखो लोकांना पाठ झाली.

हुबळीने ही बाजू सांभाळली. सिद्धारूढ मठाची शिवरात्रीची जत्रा, बाजारात हिंडणारा पैसा, आसपासच्या खेड्यांतून येणारी माणसं, यावर कंपन्यांचे मुक्काम जगले. पत्र्याचा मंडप, बांबूचा सांगाडा, पायाखाली मोकळी माती, खुर्च्यांचे दर वेगळे आणि मागच्या बाकांचे वेगळे. पेटी आणि तबला स्टेजच्या पुढ्यात, विंगेत रंगवलेला महाल गुंडाळून ठेवलेला. पाऊस आला की पत्र्यावरच्या आवाजात संवाद बुडतो आणि नट आवाज चढवतो. म्हणूनच पावसाळा हा कंपनीचा वैरी. देशपांडे नगरात सवाई गंधर्वांच्या नावाचं पक्कं सभागृह आहे, त्याच भागात गंगूबाई हनगलांचं घर. पण हुबळीचा खरा नाटकवाला तुम्हाला सभागृहापेक्षा जत्रेची तारीख आधी सांगेल.

१ नोव्हेंबर १९५६ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर आपल्याकडच्या नाटकांचे दौरे बहुधा बेळगावलाच थांबतात. हुबळीत मराठा गल्ली आहे, धारवाडात मराठी शिक्षणसंस्था आहेत, मराठी कळणारा श्रोता अजून आहे. तरी त्या पुढच्या दीड-दोन तासांच्या रस्त्याला आपल्या निर्मात्यांच्या हिशेबात जागा नाही. कन्नडवाल्यांनी तेंडुलकर वाचले, बसवले. आपण कार्नाड घेतले, पण श्रीरंग आणि जडभरत यांना मराठीत हात लागला तो फार थोडा.

जायचंच असेल तर बदामीजवळच्या बनशंकरीची जत्रा गाठावी. पौष पौर्णिमेला रथ ओढला जातो आणि त्यानंतर महिनाभर तिथे नाटक कंपन्यांचे मंडप एकाला एक लागून उभे असतात. संध्याकाळी सुरू झालेले खेळ पहाटेपर्यंत चालतात. हुबळीहून सकाळी निघालात तर दुपारी पोचाल. पहिल्या खेळाला गर्दी फार असते, शेवटच्या खेळाचं तिकीट काढावं. त्या वेळी खेड्यांतून आलेली माणसं घोंगडी पांघरून बसलेली असतात, आणि झोप आली तरी उठून जात नाहीत, कारण पहिली बस उजाडल्याशिवाय नसते.