डावी-उजवीकडे सरकणारी गाठ

पोटातली गाठ डावी-उजवीकडे सहज सरकते, वर-खाली मात्र फारशी हलत नाही. एवढ्यावरूनही सर्जनला मेसेंट्रीतल्या सिस्टचा संशय येतो. ही खूण फ्रेंच सर्जन तियो यांच्या नावाने ओळखली जाते. अशी सिस्ट १८८० मध्ये यशस्वीपणे काढल्याचं श्रेयही त्यांचंच.

मेसेंट्री म्हणजे लहान आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारा पडदा. घागऱ्यासारखाच तो वर आवळलेला आणि खाली ऐसपैस: मूळ जेमतेम १५ सेंटिमीटर, घेर मात्र कित्येक मीटरचा. त्याच्या दोन पदरांमध्ये द्रवाची पिशवी तयार होते, तीच ही सिस्ट. प्रौढांमध्ये हे फार दुर्मीळ. म्हणूनच पोटातल्या जडपणाचं खापर अनेकदा गॅसवर फुटतं. निदान सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये होतं.

सिस्ट काढण्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवून छोट्या छेदांतून काम चालतं. खरं कौशल्य पुढे लागतं. आतड्याच्या रक्तवाहिन्या याच पडद्यातून जातात आणि सिस्ट त्यांना खेटून असते. वाहिनी दुखावली, तर आतड्याचा तेवढा भाग मरू शकतो. मग तोही कापावा लागतो. नुसतं पाणी सुईने ओढून भागत नाही, कारण भिंत राहिली की पिशवी बहुधा पुन्हा भरते. सुटी झालेली सिस्ट थैलीत घालून, द्रव शोषून, छोट्याच छेदातून बाहेर काढतात. तिची भिंत तपासणीला पाठवायलाच हवी, कारण क्वचित तिच्यात कर्करोग असू शकतो.