विजेच्या वायरीतून इंटरनेट

राउटर हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत वायफाय नाही, ही तक्रार घरोघरची. माझ्याही घरी होती. मुलीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आली, तेव्हा मी पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरची जोडी आणली. भिंतीतल्या विजेच्या वायरीतूनच हे अ‍ॅडॉप्टर इंटरनेट नेतात.

आता तुम्ही विचाराल, वीज आणि डेटा एकाच तारेतून गेले तर मिसळणार नाहीत का? आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. डेटा जातो साधारण २० लाख ते २.८ कोटी हर्ट्‌झच्या पट्ट्यात. एवढं अंतर असल्यामुळे फिल्टर दोघांना सहज वेगळं करतो. मिक्सर, हलके चार्जर तारेत गोंगाट करतात. म्हणून डेटा शेकडो बारीक लहरींवर वाटून पाठवतात. जिथे गोंगाट जास्त, तिथे डेटा कमी.

एक अ‍ॅडॉप्टर राउटरजवळ, दुसरा आतल्या खोलीत, दोन्हींना लॅन केबल. झालं! पण मी पहिला अ‍ॅडॉप्टर स्पाइक गार्डमध्ये लावला आणि काही चालेना. स्पाइक गार्ड तारेतला गोंगाट गाळतो. त्यात माझा डेटाही गाळला गेला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावल्यावर जोडणी झाली, पण वेग अगदीच कमी. कारण घरात थ्री-फेज कनेक्शन. हॉल एका फेजवर, ती खोली दुसऱ्या. राउटर पॅसेजमध्ये, खोलीच्याच फेजवरच्या सॉकेटपाशी नेला आणि परीक्षा सुरळीत पार पडली. खोली इन्व्हर्टरच्या वेगळ्या लाइनवर असेल, तरीही अशी अडचण येऊ शकते.

घ्यायच्या आधी तीन गोष्टी लक्षात ठेवा. खोक्यावरचा वेग प्रत्यक्षात मिळत नाही. बऱ्याचदा निम्माही नाही. अ‍ॅडॉप्टरवरचं पेअर बटण दाबून जोडी स्वतःची करून घ्या, कारण सिग्नल शेजाऱ्याच्या वायरीतही शिरू शकतो. बटण दाबल्यावर डेटा तुमच्याच किल्लीने कुलूपबंद होतो. आणि नवं घर बांधत असाल, तर हे काहीच नको. प्लास्टर होण्याआधी विजेच्या पाइपशेजारी लॅन केबलसाठी वेगळा पाइप टाकून घ्या. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.