दोरीच्या अलीकडे

2024 साली कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, आणि धाराशिवच्या आमच्या पालकमंडळींना एनसीसीचा गोळीबाराचा सराव पाहण्याची हौस आली. पाहुण्यांची व्यवस्था माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराकडे! मी नियम दोनच केले. पाहुण्यांनी नेमबाजांच्या मागे, दोरीपलीकडे बसावे. फोटो रायफली रिकाम्या करून, बोल्ट उघडून जमिनीवर ठेवल्यावरच काढावेत.

तुळजापूरहून एक आजी आल्या होत्या. “मास्तर, नातीचा येवढा एक फोटो काढा की!” मला नाही म्हणवेना. दोरी ओलांडून मी पोरीला हाक मारली. पालथ्या पडलेल्या पोरीने मान वळवली. मानेबरोबर नळीही वळू लागली. हवालदारसाहेब कडाडले. सराव थांबला.

उरलेला वेळ मी दोरीपलीकडे, आजींशेजारी बसून काढला.