निर्णय मतदानाच्या आधीच घडतो : कम्युनिटी कॉलेजचा कारभार वाचायचा कसा?

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये कम्युनिटी कॉलेजचं नाव नेहमीच निघतं. मुलं शाळेत असतानाच तिथे कॅल्क्युलस किंवा प्रोग्रॅमिंगचा एखादा कोर्स करतात. कुणी तिथे दोन वर्षं शिकून मग मोठ्या विद्यापीठात जातं, तर कुणी संसारात पडल्यावर नवं शिक्षण घेऊन कामाला लागतं. पण हे कॉलेज चालवतं कोण, एखादा विभाग बंद करायचा तर ते कुठे ठरतं, नव्या इमारतीचे पैसे कुठून येतात, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. हा सगळा कारभार कायद्यानेच उघड्यावर ठेवलेला आहे. फक्त तो कुठे पाहायचा आणि कधी बोलायचं, हे माहीत हवं. उदाहरण म्हणून कॅलिफोर्निया घेऊ. ७३ कॉलेज-जिल्हे आणि ११६ कॉलेजं असलेली ही देशातली सर्वांत मोठी व्यवस्था आहे.

मालकी कोणाची?

अमेरिकेतलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ सालचं. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने हायस्कुलांना पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण देण्याची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोत सुरुवात झाली. म्हणजे ही कॉलेजं जन्माला आली ती शाळेच्या पोटी. त्यामुळे कारभारही शाळांसारखाच राहिला: स्थानिक मतदारांनी निवडलेलं विश्वस्त मंडळ. १९६० च्या ‘मास्टर प्लॅन’ने उच्च शिक्षणाची कामं वाटून दिली, तेव्हा या कॉलेजांच्या वाट्याला आलं ते सर्वांसाठी दार उघडं ठेवण्याचं काम. पुढे १९६७ च्या कायद्याने सॅक्रामेंटोत राज्य पातळीवरचं ‘बोर्ड ऑफ गव्हर्नर्स’ आलं.

तेव्हापासून कारभाराला दोन मजले आहेत, आणि कोणता प्रश्न कोणत्या मजल्यावरचा हे आधी ओळखावं लागतं. फीचंच पाहा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर हा दर राज्याने ठरवलेला आहे. फी कमी करा म्हणून स्थानिक विश्वस्तांपुढे कितीही कळकळीने बोललात, तरी त्यांच्या हाती काही नाही. पण कोणते कोर्स कोणत्या वेळी ठेवायचे, कुणाला नेमायचं, कोणती इमारत पाडायची आणि कोणती बांधायची, हे मात्र जिल्ह्याच्याच हाती असतं.

क्युपर्टिनोचं डी अँझा कॉलेज आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल कॉलेज मिळून असा एक जिल्हा होतो. त्याच्या मंडळात मतदारांनी चार वर्षांसाठी निवडलेले पाच विश्वस्त आहेत. शिवाय दोन्ही कॉलेजांचा एकेक विद्यार्थी विश्वस्त असतो. विद्यार्थ्यांचं मत सल्ल्यापुरतं नोंदवलं जातं, मोजणीत धरलं जात नाही. मंडळ चॅन्सेलर नेमतं आणि चॅन्सेलरच्या हाताखाली प्रत्येक कॉलेजचे प्रेसिडेंट रोजचा कारभार पाहतात. मंडळाच्या निर्णयाचं वजन किती, हे एका उदाहरणावरून कळेल. १९८४ मध्ये ॲपलचा पहिला मॅकिंटॉश जिथे लोकांसमोर आला, ते डी अँझाच्या आवारातलं फ्लिंट सेंटर २०१९ मध्ये याच मंडळाच्या निर्णयाने कायमचं बंद झालं.

विषयपत्रिका हातात घ्या

मायकेल हॅरिस या पत्रकाराने १९५२ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये एक लेखमाला लिहिली. स्थानिक संस्था बंद दाराआड कसे निर्णय घेतात, हे त्याने त्यात उघड केलं. त्यातून १९५३ चा ‘ब्राउन ॲक्ट’ आला. आज कम्युनिटी कॉलेजच्या मंडळालाही तोच लागू आहे.

या कायद्याप्रमाणे नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, विशेष बैठकीची २४ तास आधी. पत्रिकेत नसलेल्या विषयावर, अगदी मोजके अपवाद सोडले तर, निर्णय घेता येत नाही. पाच जणांच्या मंडळात तिघांचं बहुमत होतं, म्हणून जिल्ह्याच्या कामाबद्दल तिघांनी बैठकीबाहेर आपसात ठरवायला बंदी आहे. एकाने दुसऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्याने तिसऱ्याला ईमेल करायची, हेसुद्धा त्यात येतं. कोर्टातले दावे, नोकरभरती, कामगार संघटनांशी वाटाघाटी, जागेचे व्यवहार यांसाठी बंद दाराआड बैठक चालते. पण तिथे झालेले ठराविक निर्णय, कोणी कसं मत दिलं यासह, बाहेर येऊन जाहीर करावे लागतात.

आता पत्रिका प्रत्यक्ष वाचू. तिच्यात साधारण तीन प्रकारचे विषय असतात.

पहिला प्रकार ‘कन्सेंट कॅलेंडर’चा. नेहमीचे मानले जाणारे दहा-वीस विषय इथे एकत्र बांधलेले असतात आणि एकाच मताने मंजूर होतात. वाचणारे बहुधा हा भाग ओलांडून पुढे जातात, पण नेमणुका, राजीनामे, कंत्राटं, खरेदी हे सगळं इथेच असतं. समजा, एका ओळीत छताच्या दुरुस्तीच्या कंत्राटाची रक्कम वाढवल्याचा उल्लेख आहे. त्या ओळीखालची जोडपत्रं उघडायची आणि तीन गोष्टी पाहायच्या. मूळ रक्कम किती होती आणि आता किती झाली? पैसे कोणत्या निधीतून जाणार, रोजच्या खर्चाच्या की बांधकामाच्या? आणि मंडळाकडे मंजुरी मागितली आहे की कार्योत्तर मंजुरी? कार्योत्तर असेल तर सही आधीच झाली आहे आणि मंडळ मागाहून शिक्का मारतं आहे. एखादा विषय वेगळा काढून चर्चेला घ्या, असं कोणताही विश्वस्त म्हणू शकतो. तसं करण्याची विनंती आपणही त्याला आधी कळवू शकतो.

दुसरा प्रकार निर्णयाच्या विषयांचा: अंदाजपत्रक, नवं धोरण, मोठे ठराव. बातम्या होतात त्या यांच्याच.

तिसरा प्रकार माहितीच्या विषयांचा. विद्यार्थिसंख्या किती घटली, बांधकाम कुठवर आलं, अंदाजपत्रकात किती तूट दिसते आहे, याची सादरीकरणं अधिकारी करतात. मतदान होत नाही, म्हणून खुर्च्या रिकाम्या असतात. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच. आज ‘माहितीसाठी’ आलेली तूट एक-दोन महिन्यांनी ‘निर्णयासाठी’ येते, आणि तोवर कपातीची यादी बनलेली असते. मतदानाच्या रात्री पन्नास माणसं येऊन बोलली तरी यादी सहसा फारशी बदलत नाही. माहितीच्या दिवशी दोघांनी नेमका प्रश्न विचारला, तर यादी बनवणाऱ्यांना तो गृहीत धरावा लागतो.

तीन मिनिटं कुणाचीही

प्रत्येक नियमित बैठकीत लोकांना बोलायची संधी द्यावीच लागते. बोलायला किती वेळ द्यायचा, हे मंडळ ठरवतं. साधारण तीन मिनिटं मिळतात. बैठकीला यायचं म्हणून नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही. आपल्या लोकांसाठी याहून मोलाची गोष्ट म्हणजे, इथे नागरिकत्वाची अट नाही. मत द्यायला नागरिक असावं लागतं, बोलायला नाही. व्हिसावर असलेला, ग्रीन कार्डची वाट पाहणारा माणूसही उभा राहून बोलू शकतो.

पत्रिकेबाहेरच्या विषयावर बोललात तर विश्वस्त चर्चा करणार नाहीत, फार तर एखादा खुलासा करतील. हा उद्धटपणा नव्हे, कायद्याने त्यांचे हात बांधलेले आहेत. असा विषय पुढच्या पत्रिकेवर घ्या, अशी मागणी करायची.

प्राध्यापकांचा शब्द

अभ्यासक्रम मात्र मंडळाच्या मर्जीने ठरत नाही. १९८८ च्या ‘एबी १७२५’ या कायद्याने प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांना कारभारात वाटा दिला. प्राध्यापकांच्या अकॅडेमिक सिनेटकडे दहा विषय ठरवून दिलेले आहेत, आणि मंडळाशी सहमतीने ठरतील ते आणखी. तिथली माणसं याला ‘टेन प्लस वन’ म्हणतात. अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, गुणांकनाचं धोरण, अधिस्वीकृतीतली (ॲक्रेडिटेशनमधली) प्राध्यापकांची भूमिका, अंदाजपत्रक कोणत्या पद्धतीने बनवायचं, हे सारं त्यात येतं. या विषयांवर मंडळाने एकतर प्रामुख्याने सिनेटच्या सल्ल्यावर विसंबायचं, नाहीतर दोघांनी मिळून सहमती करायची.

नव्या कोर्सचा प्रवास पाहिला की हे लक्षात येतं. प्राध्यापक कोर्सचा आराखडा लिहितो: काय शिकवणार, किती तास, आधी कोणता कोर्स झालेला हवा, परीक्षा कशी. आराखडा विभागात जातो, मग अभ्यासक्रम समितीत. तिथे दुसऱ्या विषयांचे प्राध्यापक तो ओळीओळीने तपासतात. त्यानंतर मंडळ आणि मग राज्याचं कार्यालय. विद्यापीठाने तो कोर्स ग्राह्य धरायचा, तर तिथली तपासणी वेगळीच. यात कितीतरी महिने जातात. बाहेरून हा वेळकाढूपणा वाटतो, पण बर्कलीला किंवा सॅन होजेला गेल्यावर इथले क्रेडिट तिथे धरले जातात ते या तपासणीमुळेच.

पैसा कुठून, हिशेब कुणाकडे

जुन्या काळी या कॉलेजांचा मुख्य आधार स्थानिक मालमत्ता कर होता. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ने त्या कराला लगाम घातला आणि पैशाची सूत्रं सॅक्रामेंटोकडे गेली. १९८८ च्या ‘प्रपोझिशन ९८’ने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांना मिळून राज्याच्या महसुलातला किमान वाटा राखून दिला. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी मंडळ तात्पुरतं अंदाजपत्रक मंजूर करतं आणि अंतिम अंदाजपत्रक १५ सप्टेंबरपर्यंत. ज्याला प्रश्न विचारायचे आहेत, त्याच्यासाठी मधला उन्हाळा महत्त्वाचा.

बांधकामाचा पैसा वेगळा. जिल्हा कर्जरोखे काढतो आणि त्यांची फेड जिल्ह्यातल्या मालमत्ता करातून होते. २००० च्या ‘प्रपोझिशन ३९’खाली त्याला ५५ टक्के मतदारांची संमती लागते. फूटहिल-डी अँझाने २०२० मध्ये असेच ८९ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे मतदारांकडून मंजूर करून घेतले. या पैशातून पगार देता येत नाहीत, दरवर्षी लेखापरीक्षण लागतं, आणि किमान सात नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते. तिच्यात व्यापारी संघटना, ज्येष्ठ नागरिक आणि करदाते यांचे प्रतिनिधी आणि एक विद्यार्थी असतो. जिल्ह्याचे नोकर आणि कंत्राटदार तिच्यात बसू शकत नाहीत. गावच्या कामात लक्ष घालायची इच्छा असलेल्या निवृत्त मराठी अभियंत्याला याहून योग्य जागा कोणती?

कारभार बिघडला तर

सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची कहाणी यासाठी आवर्जून वाचावी. जुलै २०१२ मध्ये अधिस्वीकृती आयोगाने या कॉलेजला अखेरचा इशारा दिला. तक्रारींचा रोख वर्गातल्या शिकवण्यापेक्षा नेतृत्व, नियोजन आणि शिल्लक निधी यांवर होता. वर्षभराने अधिस्वीकृती ३१ जुलै २०१४ पासून काढून घेण्याचा निर्णय झाला. अधिस्वीकृती गेली की विद्यार्थ्यांची केंद्रीय मदत जाते आणि कॉलेज टिकणं अशक्य होतं. लोकांनी निवडलेल्या मंडळाचे अधिकार राज्याने एका विशेष विश्वस्ताकडे दिले. शहराने आयोगावरच खटला भरला, आणि आयोगानेही नियम मोडले, कॉलेजला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, असं २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटलं. कॉलेज वाचलं. जानेवारी २०१७ मध्ये त्याला सात वर्षांची अधिस्वीकृती मिळाली. पण मधल्या काळात हजारो विद्यार्थी निघून गेले होते. शिकवणं चांगलं असूनही केवळ कारभारापायी कॉलेज बुडायची वेळ येते, हे तिथल्या लोकांनी फार मोठी किंमत मोजून पाहिलं.

आपण काय करायचं

आपल्या जिल्ह्याच्या मागच्या दोन बैठकांच्या विषयपत्रिका आणि इतिवृत्तं काढा. ‘माहितीसाठी’ आलेले विषय बाजूला लिहून ठेवा आणि त्यांतला एकच निवडून त्याचा माग घ्या. विश्वस्ताला चार ओळींची ईमेल करा. पुढच्या निवडणुकीत मतपत्रिकेच्या तळाशी त्याच विश्वस्ताचं नाव दिसेल, तेव्हा ते अनोळखी राहणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनाही यात घेण्यासारखं आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने कॉलेजांमध्ये महाविद्यालय विकास समिती आणली. निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, माजी विद्यार्थी, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी यांना तिच्यात जागा आहे आणि वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. ७२ तासांच्या जाहीर पत्रिकेसारखी सोय इथे नाही. पण भरीव अनुदान घेणाऱ्या कॉलेजांना २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे, तेव्हा त्या समितीची इतिवृत्तं मागता येतात. ती मागणारे पालक आणि माजी विद्यार्थी आज फार थोडे आहेत. प्रत्येक कॉलेजमागे असे चार-पाच जण पुढे आले, तरी पुढच्या बैठकीची तयारी अधिक नीट होईल, कारण आपला कागद कुणीतरी वाचणार आहे हे बसणाऱ्यांना ठाऊक असेल.