स्टेरॉइडच्या गोळ्या : गुण लगेच, दुखणे मागाहून

सांधे धरले, दम लागला, अंगावर चट्टे उठले की चार-पाच बारीक पांढऱ्या गोळ्या पोटात जातात आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला याहून मोठे काय हवे? म्हणूनच त्या गोळीची रिकामी पट्टी जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे न जाता ती थेट मेडिकलवाल्याला दाखवली जाते. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन ही त्यातली नेहमीची नावे. घरात अशी पट्टी असेल तर त्यावरचे बारीक अक्षर एकदा मुलांकडून वाचून घ्या.

हे औषध वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने खिळलेल्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि ती चालू लागली. 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले. दम्याचा जोरदार झटका, लहान मुलांचे अंग सुजवणारा मूत्रपिंडाचा आजार, संधिवात, कुष्ठरोगातली रिअॅक्शन यांत स्टेरॉइडने जीव आणि हातपाय वाचतात. प्रश्न येतो तो मात्रेचा आणि मुदतीचा. आपल्या मूत्रपिंडांच्या टोकावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे स्टेरॉइड स्वतःच तयार करतात. रोज 40 मिलिग्रॅमची गोळी घेणे म्हणजे शरीराच्या गरजेच्या आठपट. आठ-दहा दिवस शरीर ते सोसते. वर्षभर सोसत नाही.

रक्तवाहिन्यांचे आधी पाहू. स्टेरॉइडमुळे अंगात मीठ आणि पाणी साठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी चढते. रक्तातली साखर वाढते. आधी मधुमेह नसलेल्यालाही तो होऊ शकतो. मधुमेह माणसाला कसा पोखरतो ते बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षांवरून आपल्या घराघरांत ठाऊक आहे. चरबी वाढते, वाहिन्यांच्या आतून थर बसतो, हृदयविकार आणि लकव्याची भीती वाढते. बाहेरून काय दिसते? चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक होतात. कातडी कागदासारखी पातळ होते आणि जरासा धक्का लागला तरी हातावर काळे-निळे डाग पडतात. शेजारीण म्हणते, "तब्येत सुधारली हो." ती सुधारलेली नसते.

सगळ्यांत दगाबाज दुखणे खुब्याचे. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक असतात. स्टेरॉइडमुळे तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरते. औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही हे उघडकीस येते. कोविडच्या 2020-21 च्या लाटांत ज्यांना स्टेरॉइड जास्त दिवस मिळाले, त्यांच्यातल्या काहींना पुढे हाच त्रास झाला. विहारात वंदनेला मांडी घालून बसताना जांघेत कळ येते, लंगडल्यासारखे होते, आणि आपण ते 'वाता'वर ढकलतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. लवकर कळले तर खुबा वाचवता येतो. गोळा एकदा दबला की सहसा खुबा बदलावा लागतो.

विदर्भातल्या वाचकांनी इथे जरा थांबावे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या बारीक वाहिन्या आधीच तुंबत असतात, खुबाही त्याच कारणाने खराब होतो. अशा रुग्णाला अंगदुखीवर स्टेरॉइडची सुई दिली की दोन दिवस बरे वाटते आणि औषधाचा असर उतरताच वेदनेचा झटका उलटून येऊ शकतो. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर 'सिकलसेल आहे' हे पहिले वाक्य असू द्या आणि कार्ड पुढे ठेवा. हे रुग्णाविषयी झाले. जो फक्त वाहक आहे त्याला सहसा असे झटके येत नाहीत.

आता डोळे. स्टेरॉइडचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला धरतो, त्यामुळे तो तिशी-चाळिशीतही येतो. उन्हात किंवा समोरून गाडीचा दिवा आला की डोळे दिपतात, सुईत दोरा ओवता येत नाही. यावर ऑपरेशन आहे, आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत होते. काचबिंदूचे तसे नाही. स्टेरॉइडमुळे डोळ्यातल्या पाण्याची वाट अडते, आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजर कडेने कमी होत जाते, समोरचे शेवटपर्यंत दिसते, म्हणून पत्ता लागत नाही. गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. शंभरातल्या पाच-सहा जणांत दाब फार चढतो आणि आणखी तीसेक जणांत मध्यम वाढतो. घरात आधीच कोणाला काचबिंदू असेल तर भीती जास्त.

गोळीपेक्षाही डोळ्यांत टाकायचे थेंब यात पुढे आहेत. उन्हाळा आला, धूळ उडाली की पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात. जुनी बाटली आणली, दोन थेंब टाकले, पोर शांत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन असलेले थेंब काही आठवडे सलग टाकले तरी दाब चढू शकतो, आणि शाळेत फळा दिसत नाही म्हणून तपासायला नेले तेव्हा कळते की नस गेली. डोळ्यात जखम किंवा जंतू असतील तर याच थेंबांनी बुबुळ सडते.

चेहऱ्याला लावायच्या क्रीमचेही तसेच. गोरे दिसण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असते. ती पापण्यांजवळ रोज लावली तर डोळ्यात उतरते, शिवाय कातडी पातळ होऊन बारीक लाल वाहिन्या उमटतात. आपल्या मुलींना सावळ्या रंगाची लाज कोणी शिकवली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण त्या लाजेपायी डोळा जाऊ नये.

बाजारात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांबद्दलही सावध राहा. 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकलेल्या काही चूर्णांत स्टेरॉइड कुटून मिसळलेले सापडले आहे. वर्षांचे दुखणे दोन दिवसांत पळाले तर शंका घ्या. कालाम सुत्तावरचे प्रवचन आपण ऐकतो, तोच सवाल पुडीवाल्यालाही करावा : यात काय आहे, लिहून दे.

मात्र हा लेख वाचून चालू गोळी आज बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त दिवस स्टेरॉइड घेतले की शरीरातल्या त्या दोन ग्रंथी झोपी जातात. गोळी एकदम थांबवली तर बीपी कोसळते, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडून जीवही जाऊ शकतो. गोळी कमी करायची ती डॉक्टरच्या हिशेबाने, पायरी पायरीने. आणि दम्याच्या पंपाला घाबरू नका. त्यातली मात्रा गोळीच्या तुलनेत नगण्य असते आणि ती थेट फुप्फुसात जाते. पंप ओढल्यावर चूळ भरली की झाले. पंप सोडून गोळीवर राहणे हा उलटा व्यवहार आहे.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : यात स्टेरॉइड आहे का, आणि किती दिवस घ्यायचे. गोळी महिन्यांवर जाणार असेल तर बीपी आणि साखर जवळच्या आरोग्य केंद्रात तपासत राहा, ताटातले मीठ, लोणचे, पापड कमी करा, आणि सहा महिन्यांनी एकदा डोळ्यांचा दाब मोजून घ्या. सर्वसाधारण दाब 10 ते 21 असतो. जे.जे., केईएम, सायन, नायर, ससून, घाटी, नागपूरचे मेडिकल आणि मेयो, सगळीकडे नेत्रविभाग आहे. केसपेपर काढताना 'स्टेरॉइड चालू आहे' असे सांगा आणि औषधाची पट्टी बरोबर न्या. बाहुली मोठी करण्यासाठी डोळ्यांत औषध टाकतात, मग काही तास धूसर दिसते. म्हणून घरातले कोणीतरी सोबत असावे, आणि त्या दिवशीची मजुरी बुडणार हे धरूनच जावे.